रजा मागितली नाही, कळवली

(माझगावमधील आमच्या वस्तीगटाच्या वार्षिक मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातच, थोडे नीटनेटके करून देत आहोत.)



मला ‘महिला आणि आरोग्य’ असा विषय दिला असता तर सोपं गेलं असतं. त्याची टिपणं माझ्याकडे तयार आहेत. पण कार्यक्रम ठरवणाऱ्या मुली म्हणाल्या, ‘‘ताई, तुम्ही सगळ्या अलिबागकडे गेला होतात ना, त्याबद्दल बोला.’’ मी म्हटलं, त्यात बोलण्यासारखं काय आहे? अकरा बायकांनी ठरवलं, नऊ जणी गेल्या, दोन रात्री राहिल्या, परत आल्या. चौथीच्या मुलाच्या निबंधात मावेल एवढंच. मग घरी जाऊन विचार केला. सहल तीन दिवसांची, पण तिची तयारी आम्ही सात महिने करत होतो. आणि त्या सात महिन्यांत आम्हाला एकमेकींच्या घराबद्दल जेवढं कळलं, तेवढं पंधरा वर्षांच्या बैठकांत कळलं नव्हतं. म्हणून मी आज जास्त करून तयारीबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात माझ्या वाढदिवसापासून झाली. इथे बसलेल्यांपैकी ज्यांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे, त्यांनी जरा हात वर करा. (बरेच हात वर होतात.) बघा! आपण सगळ्या एकाच दिवशी जन्मलो. शाळा जूनमध्ये उघडायची. नाव घालायला नेलं की गुरुजी तारीख विचारायचे, वडील डोकं खाजवायचे, गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. मुलांच्याही तारखा अशा लागल्या आहेत, नाही असं नाही. पण आमच्या घरात माझ्या भावाची जन्मवेळ पंचांगाच्या मागच्या पानावर घटकापळांसकट लिहून ठेवलेली होती. माझ्याबद्दल आई एवढंच सांगायची, ‘‘तू झालीस तेव्हा नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. होड्या परत पाण्यात गेल्या होत्या.’’

मी एका सार्वजनिक रुग्णालयात चौतीस वर्षं आयाबाई होते. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणजे त्या खोट्या तारखेने मला कामावर घेतलं आणि साठ वर्षं पुरी होताना ३१ मेला घरी पाठवलं. शाल मिळाली, नारळ मिळाला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे माझ्या कागदी वाढदिवसाला, सकाळी उठते तो घरात कामांची वाटणी झालेली. नातवाची शाळा, रेशन, सासूबाईंचा दवाखाना, दुपारचा स्वयंपाक, सगळं माझ्या वाट्याला. सून वाईट नाही हो. ती लोकलला लोंबकळत नोकरीला जाते, तिचं कौतुकच आहे मला. मुलगाही वाईट नाही. तो फक्त म्हणाला, ‘‘आई, आता तू घरीच असतेस.’’

त्या संध्याकाळी मी जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात जाऊन बसले. आपल्या टेकडीवरची ती बाग तुम्हाला माहीत आहे. खाली डॉकयार्ड रोड स्टेशन, पलीकडे गोदी, त्याच्या पलीकडे पाणी. १ जूनपासून मासेमारी बंद होते, ३१ जुलैपर्यंत. सगळ्या होड्या नांगरून ठेवलेल्या. मनात आलं, होड्यांनासुद्धा दोन महिने सुट्टी असते.

आणि दुसरं मनात आलं ते असं, की मी या बंदराच्या काठावर साठ वर्षं काढली. भाऊच्या धक्क्यावरची मासळी खाऊन वाढले. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य म्हणजे भाऊ, त्यांनी एकोणिसाव्या शतकात मूळ धक्का बांधला, हे आम्ही पोरं पाहुण्यांना ऐटीत सांगायचो. माझे वडील त्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जात. मी मात्र त्या धक्क्यावरून कधी कुठे गेले नव्हते. लाँचने रेवस दीड तासावर. तो दीड तास मला साठ वर्षांत मिळाला नव्हता.

भीतीही होती. १७ जुलै १९४७ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. माझी आई तेव्हा सात वर्षांची होती. धक्क्यावर जमलेली गर्दी आणि रडारड तिने पाहिली होती. अवसेला समुद्राकडे बघायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. मुलगे तो मोडायचे. मुलींनी तो पाळला.

मग गटाच्या पुढच्या बैठकीत मी सहज विचारलं, शेवटची रात्र घराबाहेर कधी काढलीत, आणि कशासाठी? आम्ही अकरा जणी होतो. नावं मी मुद्दाम घेत नाही, पण कोण कोण ते सांगते. डबे करून देणारी एक, धुणीभांडी करणाऱ्या दोघी, धक्क्यावर मासे विकणारी एक मावशी, मातारपाखाडीतली आमची एक ख्रिश्चन मैत्रीण, एक शाळेतली बाई, एक शिलाईकाम करणारी, बाकीच्या माझ्यासारख्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. उत्तरं अशी आली. बाळंतपणाला. सासऱ्यांच्या मयतीला. नणंदेच्या ऑपरेशनला, खाटेशेजारी जमिनीवर. पुतणीच्या लग्नाला. नवस फेडायला. गणपतीला गावी.

गावी जाणं म्हणजे सुट्टी, असं शहरातल्या लोकांना वाटतं. गिरणगावातल्या, गोदीतल्या आपल्या बायकांना विचारा. मुंबईहून सून आली म्हणजे पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापायला दोन हात आले. पुरुष अंगणात पत्ते खेळतात, ती सुट्टी. आणि आपल्यासारख्या कार्यकर्त्या? आपण शिबिरांना जातो, मोर्च्यांना जातो. तेही कामालाच. अकरा जणींत एकीलाही अशी रात्र आठवली नाही, जिला कारण म्हणून कुणाचं दुखणं, कुणाचं लग्न किंवा कुठला देव नव्हता.

सरकारने २०१९ साली देशभर पाहणी केली, लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो त्याची. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. शाळेतल्या बाईंनी आम्हाला हा आकडा सांगितला तेव्हा डबेवाली म्हणाली, ‘‘ते ९७ मिनिटंवाले राहतात कुठे, पत्ता द्या.’’ त्याच बाईंनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ साली निघालेल्या पुस्तकाबद्दल सांगितलं. तीन लेखिकांनी मुंबईतल्या बायकांना विचारून लिहिलेलं आहे. बाई रस्त्यावर दिसली की ती कुठेतरी कामाला चाललेली दिसली पाहिजे, नुसती उभी राहिलेली चालत नाही, असा त्याचा मुद्दा. आम्ही ते वाचलेलं नव्हतं, पण जगलो होतो.

असं ठरलं, की वाढदिवस करायचा. अकरापैकी पाच जणींची तारीख १ जून, तेव्हा एकीचा कशाला, सगळ्यांचाच. दिवस आपण निवडायचा. जन्माचा निवडता आला नाही, निदान साजरा करायचा तरी निवडू.

दिवस निवडणं सोपं नव्हतं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला. मग श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी. या सगळ्यांत बाईला घर सोडता येत नाही. मग लग्नं सुरू होतात. मार्गशीर्षात गुरुवार, आणि अर्ध्या जणी मासे खात नाहीत. समुद्रावर जायचं आणि मासे नाहीत? शेवटी मावशी म्हणाली, ‘‘पौष घ्या. पौषात कुणी लग्न लावत नाही, कुणी वास्तुशांत करत नाही. बाईला कुणी बोलवत नाही.’’ ज्या महिन्याला लोक अशुभ म्हणतात, तोच आम्हाला मोकळा सापडला.

जागेवरूनही वाद झाला. एकीने गोवा म्हटलं, पैसे मोजल्यावर गप्प बसली. एकीला मुरूडला जाऊन जंजिरा बघायचा होता. तो अलिबागच्या पुढे पन्नासेक किलोमीटर, दोन रात्रींत दमछाक. मातारपाखाडीच्या मैत्रिणीला कोर्लई हवं होतं, कारण तिथले ख्रिश्चन लोक अजून पोर्तुगीजातून आलेली आपली वेगळी बोली बोलतात. ते पुढच्या वेळेला ठेवलं. शेवटी आक्षी-नागाव ठरलं. समुद्र, नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि अलिबागचा कुलाबा किल्ला जवळ. परत येताना खारेपाटातलं चरी गाव बघायचं.

आता कुलाबा किल्ला भर समुद्रात. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. मावशीने हिशेब शिकवला, तो लिहून घ्या. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. सहा तास मागे जा, सकाळी नऊला ओहोटी. संकष्टीला सकाळी किल्ल्यात चालत जायचं, आत गणपतीचं देऊळ आहेच, उपासवाल्याही खूश. आदल्या दिवशी तृतीया, सव्वादोनला भरती. त्या हिशेबाने दुपारची लाँच धरायची, कारण रेवसला गाळ साचलेला, ऐन ओहोटीत लाँचला पाणी पुरत नाही. आणि मासे त्याच रात्री खाऊन घ्यायचे, दुसऱ्या दिवशी उपास! चौथी नापास झालेल्या बाईने बसल्या जागी आमचं वेळापत्रक करून दिलं.

पैशांसाठी भिशी केली. महिना चारशे, सात महिने. ज्यांना जड होतं त्यांनी दोनशे दिले, उरलेले आम्ही पेन्शनवाल्यांनी घातले आणि त्याचा उच्चार करायचा नाही असं ठरलं. एसटीत १७ मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा मोठा आधार. राहण्यासाठी फोन केले तेव्हा एका ठिकाणी विचारलं, ‘‘बरोबर जेन्ट्स कोण आहे?’’ कुणी नाही म्हटल्यावर खोल्या एकदम भरलेल्या निघाल्या. शेवटी आक्षीत एका बाईंनी घरगुती राहण्या-जेवणाची सोय केली.

आणि मुतारी. हसू नका. आमच्यात दोघींना मधुमेह आहे. घरातून निघायचं ते पाणी न पिता, ही आपली जुनी सवय. २०११पासून मुंबईत ‘राइट टू पी’ची मोहीम चालली, आपणही सह्या गोळा केल्या, ते काही उगाच नाही. आम्ही धक्का, रेवस, अलिबाग, पेण, प्रत्येक ठिकाणी बायकांची सोय कुठे आहे याची यादी केली. एका स्टँडवर कुलूप होतं आणि किल्ली चहावाल्याकडे होती. चहावाल्याकडे किल्ली मागायला आम्ही नऊ जणी एकदम गेलो. पुढच्या बायकांना कदाचित ती लवकर मिळेल.

आता मुख्य गोष्ट. घरी सांगायचं कसं?

मी चौतीस वर्षं रजेचे अर्ज लिहिले. ‘रजा मंजूर व्हावी ही विनंती.’ किरकोळ रजा, अर्जित रजा, सगळे प्रकार मला पाठ. घरातल्या कामाला त्यातला एकही प्रकार नाही. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी २००८ साली महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा झाला, तरी आमच्या दोघींना दोन दिवसांची रजा चार घरी वेगवेगळी मागावी लागली आणि एका घरी पैसे कापले. स्वतःच्या घरी तर मागायची कुणाकडे? म्हणून आम्ही ठरवलं, मागायची नाही, कळवायची. एका कागदावर लिहायचं, ‘अमुक दिवशी सकाळी मी जाणार, तिसऱ्या दिवशी रात्री येणार. मधल्या दिवसांत मी घरी नाही.’ आणि तो कागद सगळ्यांना दिसेल असा चिकटवायचा. महिनाभर आधी.

दुसरं ठरवलं, दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवून जायचं नाही. यावर फार भांडलो. डबेवाली म्हणाली, ‘‘तुमचं ठीक आहे. माझी चौदा गिऱ्हाईकं आहेत, ती दुसरीकडे गेली तर?’’ तिचं खरं होतं. खाणावळवाल्या बाईला आजारी पडायचीही सोय नसते. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी, सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवायला. व्याजातून सुटका झाली, चुलीतून व्हायची आहे. आमच्या डबेवालीने तीन आठवडे आधी चौदाही जणांना सांगितलं. दोघे कुरकुरले. एकाही गिऱ्हाइकाने डबा बंद केला नाही. तिलाच त्याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटलं.

कागद लागल्यावर कुणाकडे काय झालं ते सांगते. एकीच्या सासूने विचारलं, ‘‘कुठला नवस?’’ एकीच्या घरी सगळे हसले आणि विसरून गेले, जायच्या आदल्या रात्री पुन्हा नव्याने सांगावं लागलं. एकीच्या मुलीने आईला स्वतःची पाठीवरची पिशवी दिली. माझे यजमान आठ दिवस काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, ‘‘माझ्या बी.पी.च्या गोळ्या कुठे असतात?’’

अडतीस वर्षं संसार झाला, मैत्रिणींनो. मला राग यायला हवा होता. आला नाही. भीती वाटली. उद्या मी गेले तर या माणसाचं काय होईल? मग माझ्या लक्षात आलं, की या भीतीपोटीच मी साठ वर्षं कुठे गेले नाही. आणि ती भीती मीच वाढवली होती, गोळ्या हातात नेऊन देऊन. मी त्यांना डबा दाखवला. खुणेसाठी डब्यावर चिठ्ठीही लावली नाही.

आता जे सांगायला जड जातं ते. अकरा ठरल्या, नऊ गेल्या. एकीकडे मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून ती राहिली, पौषातसुद्धा बघण्याचा कार्यक्रम निघाला. दुसरीने आमच्यासारखाच कागद लावला आणि त्या रात्री तिला मार बसला. जुनाच होता तो मार. आम्हाला माहीत नव्हता. पंधरा वर्षं ती बैठकांना येत होती, इतरांच्या केसेसमध्ये आमच्याबरोबर पोलीस चौकीत येत होती, आणि स्वतःबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

यात चूक आमची आहे आणि मी ती इथे कबूल करते. ‘मागायचं नाही, कळवायचं’ हे वाक्य आम्ही फार आवडीने म्हटलं. जिच्या घरात नवरा गोळ्या शोधतो, तिला कळवता येतं. जिच्या घरात हात उठतो, तिने कळवलं तर काय होईल, हे आम्ही आधी विचारायला हवं होतं. एकेकटीला, बाजूला घेऊन. ज्या कागदाने मला मोकळं केलं, त्याच कागदाने तिला मार खायला लावला.

सहल रद्द करू, असं दोघी-तिघी म्हणाल्या. तिनेच नको म्हटलं. ‘‘तुम्ही नाही गेलात तर तो म्हणेल, बघ, मोडली ना,’’ असं तिचं म्हणणं. आम्ही सगळ्या मिळून तिच्या घरी धडकलो नाही, दोघीच गेल्या, तिने सांगितलेल्या वेळेला. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची माहिती तिला नव्याने द्यायची गरज नव्हती, तिनेच ती कितीतरी जणींना दिली होती. तिला आत्ता तक्रार करायची नाही. ते आम्ही मानलं. पण आता शेजारच्या एका घरात तिची पिशवी भरून ठेवलेली आहे, तिची कागदपत्रं आमच्यापैकी एकीकडे आहेत आणि रोज रात्री एक फोन ठरलेला आहे. भिशीतले तिचे पैसे परत द्यायला गेलो तर तिने घेतले नाहीत. ‘‘माझं नाव काढू नका,’’ म्हणाली.

तर आम्ही नऊ जणी निघालो. लाँचमध्ये मी आईची आठवण काढून कठडा घट्ट धरून बसले. १८ डिसेंबर २०२४ला नौदलाच्या स्पीडबोटीने एलिफंटाला जाणाऱ्या बोटीला धडक दिली आणि माणसं गेली, तेही डोळ्यांपुढे होतं. म्हणून सगळ्यांनी जाकिटं मागून घेतली आणि घातली. एक गृहस्थ म्हणाले, ‘‘आज्जीबाई, एवढं काही होत नाही.’’ मावशीने त्यांनाही एक घालायला लावलं. अर्ध्या वाटेत मागे वळून बघितलं. माझगावची टेकडी दिसली. माझं घर तिच्याआड होतं, आणि तिथे काय शिजलंय हे मला माहीत नव्हतं.

आक्षीचा समुद्र, सुरूची झाडं, त्या रात्रीचं माशाचं कालवण, याबद्दल मी सांगत बसत नाही. ज्याचं त्याने जाऊन बघावं. दोन-तीनच गोष्टी सांगते.

आक्षीत १०१२ सालचा मराठी शिलालेख आहे, फार जुना. तो बघताना शाळेतल्या बाईंनी गद्धेगाळाबद्दल सांगितलं. कोकणात अशा जुन्या दानाच्या शिळा पुष्कळ आहेत. दान मोडेल त्याला शाप म्हणून त्यांच्यावर गाढव आणि बाई कोरलेली असते. म्हणजे करार मोडणार पुरुष आणि शाप त्याच्या आईला. हजार वर्षांपूर्वीपासून दगडात कोरून ठेवलेलं आहे, की घरातलं काहीही चुकलं तर भरायचं कुणी.

दुसरी गोष्ट आमच्या यजमानीण बाईंची. त्या पहाटे चारला उठून वाडीला पाणी लावत होत्या, मग आमचा चहा, मग नाश्ता. रस्त्याने येताना वाफ्यांत वाकून काम करणाऱ्या बायकाही आम्ही पाहिल्या होत्या. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं, पण त्याची खुरपणी वाकूनच करायची. दुसऱ्या दिवशी दुपारी किल्ल्यातून पाय भिजवून परत आलो तेव्हा आम्हालाच लाज वाटली. आमची सुट्टी एका बाईच्या कमरेवर चालली होती. आम्ही म्हटलं, संध्याकाळी चंद्रोदयानंतरचं जेवण आम्ही करतो, तुम्ही बसा. त्या बसेचनात. तीनदा उठल्या, मिठाचा डबा दाखवायला, वरवंटा द्यायला, उगीचच. शेवटी मावशीने हात धरून बसवलं. जेवताना त्यांनी विचारलं, ‘‘तुम्हाला सुट्टी दिली कुणी?’’

आमच्यापैकी कुणीच पटकन बोललं नाही. माझगावात बसून त्याचं उत्तर आमच्याकडे तयार होतं. पण ती जी राहिली होती, तिची सगळ्यांना आठवण आली. मग डबेवाली म्हणाली, ‘‘दिली नाही कुणी. नऊ जणींनी घेतली. एकीला घेता आली नाही.’’ बाईंनी पुढे विचारलं नाही. त्यांना ते समजलेलं दिसलं.

तिसरी गोष्ट चरीची. परतीच्या वाटेवर पोयनाडजवळ उतरून आम्ही चरीला गेलो. १९३३ साली तिथल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला. शेत करायचं नाही म्हणून ठरवलं आणि १९३९पर्यंत, सहा वर्षं, नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. एवढा लांब शेतकऱ्यांचा संप, आणि आपल्या हाकेच्या अंतरावर. बांधावर उभं राहून मी विचार करत होते, सहा वर्षं दाणा नाही, तर चुलीवर काय ठेवलं असेल? कुणीतरी रोज काहीतरी ठेवलंच असणार. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांची होते. लालबाग-परळमधल्या माझ्या मावश्या-आत्यांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. भाजी विकली, पापड लाटले, धुणी धरली, मंगळसूत्रं मोडली. गिरणीचा भोंगा थांबला, नांगर थांबला, चूल थांबली नाही. ती थांबली असती तर ते दोन्ही संप आठ दिवस टिकले नसते. आपल्या इतिहासात हे कुठल्या पानावर आहे?

लांब आइसलँड म्हणून देश आहे. तिथल्या बायकांनी २४ ऑक्टोबर १९७५ला चूल आणि नोकरी दोन्ही एकदम थांबवलं. शंभरातल्या नव्वद जणींनी. त्याला त्यांनी संप म्हटलं नाही, ‘बायकांची सुट्टी’ म्हटलं, म्हणजे घाबरणाऱ्यांनाही येता येईल. देशाचा कारभार एका दिवसात ठप्प झाला. आमची नऊ जणींची सुट्टी त्यापुढे काहीच नाही, मला ठाऊक आहे. दोन रात्रींत माझगावात काही ठप्प झालं नाही. आमच्या घरी खिचडी झाली, करपली, खाल्ली. एकीकडे तिन्ही त्रिकाळ वडापाव आणला. एकीच्या नवऱ्याने उत्तम आमटी केली आणि आता ती त्याच्याकडून करून घेतली जाते. माझ्या यजमानांनी गोळ्या वेळेवर घेतल्या. एवढंच.

तुमच्या गटांना जायचं असेल तर जरूर जा. तिथीचा हिशेब मी सांगितला आहे, स्वच्छतागृहांची यादी मागा, देऊ. पण जायच्या आधी एक काम करा, जे आम्ही केलं नाही. प्रत्येकीला एकटीला विचारा, ‘‘तू घरी सांगितलंस तर काय होईल?’’ आणि उत्तर येईपर्यंत थांबा. लवकर येत नाही ते. काहींना पंधरा वर्षं लागतात.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ती मला धक्क्याच्या रस्त्यावर भेटली. फार बोलता आलं नाही, तिला घाई होती. किती पैसे लागले ते विचारलं. मग चालता चालता वळून म्हणाली, ‘‘पुढच्या पौषातली संकष्टी कुठल्या वारी येते, बघून ठेवा.’’

मी पंचांगात बघून ठेवलं आहे, आणि पानाचा कोपरा दुमडून ठेवला आहे. तोपर्यंत तिच्यासाठी काय काय करायला लागेल, ते आपल्या सगळ्यांवर आहे. एवढं बोलून मी थांबते.